गुरुवारची विनंती

आमच्या आवारात शिव्या देणं बंद होतं आणि शपथ घेणंही. बाहेरची मुलं बोलता बोलता आईची, गळ्याची, देवाची शपथ घेत. आमच्यातल्या कुणी तसं केलं की त्याचा कान धरून सांगितलं जाई, की हो असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण, मध्ये आईला कशाला ओढतोस? दारू, तंबाखू आणि सिनेमा यांच्याबरोबर वाईट बोलणंही आम्ही फाटकाबाहेर ठेवलं होतं. त्यामुळे आपली जीभ स्वच्छ आहे अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि माझी जरा जास्तच.

हे आवार साक्रीजवळ होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. चर्च, मुलींची शाळा, शाळेला लागून बोर्डिंग, एक लहानसा दवाखाना आणि तिथे काम करणाऱ्यांची नऊ घरं, एवढाच पसारा. मी शाळेत तिसरीला शिकवत होते. आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते. सासूबाई एरंडोलकडच्या. तरुणपणापासून सुवार्ता सांगत खेड्यापाड्यांतून पायी फिरलेल्या. गुडघे दुखायला लागल्यावर त्या घरी बसल्या, पण बोलणं मात्र त्यांनी कायम त्या खेड्यांतलंच ठेवलं. आवारात सगळे त्यांना अक्का म्हणत. मी आई म्हणत असे, आणि त्यांना थोडी भीतही असे. मी तशी कुणाला भिणारी नव्हते. माझं तोंड फटकळ होतं, आणि वर्गातल्या मुलींपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना त्याचा प्रसाद मिळालेला होता.

दर गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा भरायची. पाळीपाळीने एकेकीच्या घरी. सतरंजी अंथरायची, गीत म्हणायचं, शास्त्रातला उतारा वाचायचा आणि मग विनंत्या सांगायच्या. विनंती म्हणजे कशासाठी प्रार्थना करायची तो विषय. पाळकांच्या पत्नी, त्यांना आम्ही पाळकबाई म्हणत असू, मांडीवर वही घेऊन बसत आणि प्रत्येकीची विनंती पेन्सिलने टिपून घेत. मग सगळ्या गुडघे टेकून एकीमागून एक मोठ्याने प्रार्थना करत. तिथेच संपत नसे. त्या विनंत्या प्रत्येकीने घरी न्यायच्या आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत पुन्हा घ्यायच्या, असा आमच्याकडचा रिवाज होता. आणि विनंती नाव घेऊनच सांगायची. "एका बहिणीसाठी" असं मोघम कुणी म्हटलं की पाळकबाई पेन्सिल थांबवून विचारत, "कुठल्या बहिणीसाठी?" देवासमोर आडपडदा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते आम्हाला पटलेलंही होतं.

मोठ्याने प्रार्थना करता येणं ही आमच्याकडे मानाची गोष्ट होती. दुसरीकडे एखादीच्या हाताला चव आहे म्हणतात, तसं आमच्यात म्हणत, हिला प्रार्थना छान येते. मला छान येत असे. मधे न अडखळता मी दहा-दहा मिनिटं प्रार्थना करू शकत होते आणि योग्य ठिकाणी माझा गळाही दाटून येत असे. हे मी आज थट्टेने लिहिते आहे. त्या वेळी त्यात थट्टा वाटण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

त्या वर्षी शाळेत चौथीला नव्या बाई आल्या. बाई कसल्या, बावीस वर्षांची मुलगी होती ती. जळगावहून आली होती. अनाथाश्रमात वाढलेली, असं आम्हाला सांगितलेलं होतं. तिला राहायला बोर्डिंगमधलीच खोली दिली होती. शाळा सुटल्यावर मुलींचा अभ्यास घेणं आणि दोन्ही वेळचं जेवण वाढणं हेही तिच्याकडे होतं. बोर्डिंगमधल्या मुली पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या, पहिल्यांदाच आईबापांना सोडून राहिलेल्या. पहिले काही दिवस जेवताना रडायच्या. ही वाढायला लागल्यापासून पंगतीत हसू ऐकू यायला लागलं. भाकरी वाढताना ती प्रत्येकीला काहीतरी विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची. मी बारा वर्षं मास्तरकी केली होती, पण उत्तर ऐकायला थांबण्याची सवय मला नव्हती. त्यामुळे मला तिचं कौतुक वाटे आणि थोडा हेवाही.

आमचे वर्ग शेजारी होते, मध्ये नुसता बांबूचा तट्ट्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासायला आम्ही दोघी दुपारी व्हरांड्यात बसलो होतो. तिला एक पाकीट आलं होतं. आतलं पत्र तिने वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मी म्हटलं, "काय गं, कुणाचं पत्र?" माझा प्रश्न साधाच होता, नाक खुपसण्याचा. पण ती पेन खाली ठेवून म्हणाली, "बाई, माझी आई आहे."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं. ती अनाथ नव्हती. ती चार वर्षांची असताना आईला महारोग असल्याचं कळलं. वडील आधीच वारलेले. आई जळगावपलीकडच्या एका महारोगी आश्रमात गेली आणि मुलीला तिने अनाथाश्रमात दिलं, मुलीला हे लागू नये म्हणून. वर्षातून दोनदा ही तिला भेटायला जाई. आता नव्या गोळ्या निघाल्या होत्या आणि आईचा रोग थांबला होता, पण बोटं गेली होती ती गेलीच, आणि सध्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. आश्रमातल्या कुणीतरी तिच्याकरता ते पत्र लिहिलं होतं.

"मी हे कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हालाच सांगते. तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना करा, बाई. तुम्ही एकट्याच."

माझे डोळे भरून आले. मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "करीन गं, न करायला काय झालं?" ते मनापासून होतं. पण खरं लिहायचं म्हणजे, उरलेले पेपर तपासताना मला एक प्रकारचं बरंही वाटत होतं. आख्ख्या आवारात हे फक्त मला माहीत होतं.

त्या गुरुवारची सभा माझ्या घरी होती. मी शिरा केला होता. ती नव्हती, बोर्डिंगच्या मुलींचा अभ्यास घेत होती. विनंत्या त्या दिवशी अगदीच किरकोळ निघाल्या. कुणाच्या भावाची परीक्षा, कुणाची दाढ, कुणाच्या माहेरची म्हैस आटलेली. पाळकबाईंनी वहीवरून माझ्याकडे बघितलं. "तुमचं काही?"

घरची मालकीण मी, शिरा माझा, आणि विनंती काही नाही, हे मला कसंसंच वाटलं. मी म्हटलं, "आहे एक. पण ही जरा जपून घ्यायची हं." आठजणी एकदम पुढे सरकल्या. आणि मी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, चार वर्षांची असल्यापासूनचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. पाळकबाईंची पेन्सिल चालत होती. "अरेरे, बिचारी," असं सगळ्या म्हणाल्या आणि मला वाटलं, किती प्रेमळ आहेत आमच्या बायका.

मग प्रार्थना झाल्या. इतक्या कळकळीच्या प्रार्थना त्या सतरंजीवर कधी झाल्या नसतील. पहिलीने आईसाठी मागितलं. दुसरीने आईबरोबर मुलीच्या जिवालाही जप म्हटलं. तिसरीने त्या घराण्यातल्या रोगाचा उल्लेख केला. पाचवीपर्यंत पोचता पोचता ती मुलगी स्वतःच आजारी पडण्याच्या बेतात आली होती आणि आमच्या लेकरांना तिच्यापासून सांभाळण्याची विनवणी सुरू झाली होती. हे सगळं डोळे मिटून, हात जोडून. मी दर वाक्याला आमेन म्हणत होते.

संध्याकाळी नऊ घरांत कौटुंबिक प्रार्थना झाल्या. नवरे ऐकत होते, मुलं ऐकत होती, भांडी घासणाऱ्या बाया ऐकत होत्या. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. मला ते दिसलं आणि मी स्वतःला सांगितलं, आज गर्दी कमी आहे.

मग साक्रीचा बाजाराचा दिवस आला. पाड्यांवरचे लोक बाजाराला आले की बोर्डिंगमध्ये मुलींना भेटून जात. त्या दिवशी माझ्या वर्गाच्या दाराशी एकीचा बाप येऊन उभा राहिला. पागोटं हातात घेऊन म्हणाला, "पोरले घर लई जास, बाई. घर काम शे."

मुलगी आठ वर्षांची. तिच्यावाचून घरचं कुठलं काम अडणार होतं? मी तसं विचारलं तर तो पायांकडे बघत राहिला. खोटं बोलायची त्याला लाज वाटत होती. मुलीचा हात धरून तो गेला. संध्याकाळपर्यंत सहा मुली गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्यातल्या चारजणींनी तिच्या हातचं जेवायला नको म्हटलं.

त्याच दिवशी मी बाजारात झंपरचं कापड घ्यायला गेले होते. दुकान मारवाड्यांचं होतं. मालकांची म्हातारी आई नेहमी गादीवर बसलेली असे, राजस्थानातून लहानपणी आलेली आणि आता आमच्याच बोलीत बोलणारी. कापड उलगडता उलगडता तिने सहज विचारलं, "तुमनी शाळामा ती महारोगीनी पोर शे ना? पोरेसले ती वाढस म्हने?"

मी कापड तसंच टाकून उठले. रस्ताभर माझा संताप संताप झाला होता, सगळ्यांवर. इतकं जपून घ्या म्हणून सांगितलं होतं! कुणी तोंड उघडलं? घरी आल्या आल्या मी सासूबाईंसमोर बसून एकेकीचा उद्धार करायला लागले. ही अशीच, तिच्या पोटात काही राहत नाही, तिच्या घरी तर सगळी धर्मशाळाच. सासूबाई बाजरी पाखडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू देवले सांगं का बायासले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आई, प्रार्थनेसाठी सांगितलं मी. खोटं तर काही सांगितलं नाही ना?"

"देवले त्या पोरनं नाव ठाऊक शे," त्या म्हणाल्या. "बायासले नही व्हतं."

मला रडू फुटलं. रागाचंच रडू होतं ते. स्वतःचं चुकलं हे कबूल करण्याआधी मी नेहमी रडून बघते, कुणी समजूत काढतंय का. सासूबाई समजूत काढणाऱ्यातल्या नव्हत्या. "बठ्ठा घरे जाय," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळ्या घरी जा. "आठे बसीसन रडू नको. मी संगे येवाव नही."

आधी मी बोर्डिंगमध्ये गेले. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. बोर्डिंगचा कारभार बघणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी तिला त्याच दुपारी बोलावून सांगितलं होतं की शनिवारी शाळाकमिटी बसणार आहे. बोर्डिंग सोडावं लागेल आणि बहुतेक नोकरीही. जायला तिला दुसरं घर नव्हतं. आईच्या आश्रमात निरोगी माणसाला ठेवून घेत नसत आणि अनाथाश्रमातून ती वयात येऊन बाहेर पडलेली.

मी तिच्यासमोर उभी राहिले. इतकी वर्षं माझा शब्द कधी अडला नव्हता, तो अडला. शेवटी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. मी सभेत बोलले. मला क्षमा कर."

"मला माहीत आहे, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तांदळातला एक खडा काढून तिने बाजूला ठेवला. "क्षमा केली. करायलाच पाहिजे. प्रभूने सांगितलेलं आहे."

मला हायसं वाटलं. मी तिच्याजवळ बसायला लागले, तर तिने मान वर केली. "तुम्ही केलीत का हो?"

"काय?"

"प्रार्थना. आईसाठी. तुम्ही एकट्यांनी."

मी केली नव्हती. त्या व्हरांड्यातल्या दुपारपासून त्या क्षणापर्यंत मी एकदाही एकटीने गुडघे टेकून त्या बाईचं नाव घेतलं नव्हतं. सभेत सांगून टाकलं आणि माझं काम झालं असं मला वाटलं होतं. तिने माझा चेहरा बघितला आणि तिला उत्तर मिळालं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. इतकी लाज मला आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर वाटलेली नाही.

मग मी घरोघर गेले. आमचं घर सोडून आठ घरं. सोपं काम असेल असं वाटलं होतं. चूक कबूल करायची आणि यायचं. पण आमच्या बायका चूक कबूल करू देईनात. "अगं, तू तर प्रार्थनेसाठीच सांगितलंस," असं पहिलीच म्हणाली आणि वर म्हणाली, "आम्हीसुद्धा फक्त प्रार्थनाच केली." दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. चहा पुढे येई. कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं. जिथे जावं तिथे नुसती प्रार्थनाच झाली होती, आणि तरी ती गोष्ट कापडाच्या दुकानातल्या गादीवर जाऊन बसली होती. एका घरातून निघताना मी चिडून म्हटलं, "मग त्या मारवाडणीला काय देवदूताने सांगितलं?" हे म्हणायला नको होतं. क्षमा मागायला गेलेल्या माणसाने टोमणे मारू नयेत. सहाव्या घरी फक्त एकजण, आमच्या शाळेतल्या शिपायाची बायको, पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, मी विहिरीवर बोलले." तिला मी मिठी मारली. सगळ्या आवारात तेवढं एकच खरं वाक्य मला त्या दिवशी ऐकायला मिळालं.

संध्याकाळी घरी ह्यांनी मला समजावून सांगितलं की रोगी आईपासून चौथ्या वर्षी दूर केलेल्या, अंगावर एकही चट्टा नसलेल्या मुलीकडून कुणाला काही लागण्याचा प्रश्नच येत नाही. "हे तुम्ही गुरुवारीच का नाही बोललात?" मी विचारलं. "तुमच्या प्रार्थनेत मध्ये बोलायचं कसं?" ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. विहिरीवरच्या गप्पा असत्या तर कुणीतरी अडवलं असतं, खरं-खोटं केलं असतं. डोळे मिटून बोललेल्या वाक्याला कोण अडवणार? ह्यांनी दुसऱ्याच दिवशी धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी पाठवली. त्या महिन्यातून एकदा आमच्या दवाखान्यात येत.

शनिवारी कमिटी बसली. पाळकसाहेब, मोठ्या बाई, हेडमास्तर आणि आवारातले दोन वडीलधारे. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दार लोटून आत गेले. ती भिंतीशी एका खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर घेऊन.

मी म्हटलं, "ही गोष्ट हिने मला विश्वासाने सांगितली होती. ती मी चारचौघींत बोलले. मला तो अधिकार नव्हता."

पाळकसाहेब मायाळू होते. ते अवघडले. "तुम्ही ती प्रार्थनेसाठीच सांगितलीत ना?" ते म्हणाले. "तुमचा हेतू चांगला होता."

त्यांनी मला सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तर मी इभ्रतीने बाहेर पडले असते. अगदी ओठांवर आलं होतं. मी त्या मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नाही साहेब," मी म्हटलं. "सांगायची हौस होती म्हणून सांगितलं. प्रार्थना मी केलीच नाही."

एवढ्यावर मी थांबले नाही, कारण गप्प बसणं माझ्याच्याने होत नाही. म्हटलं, दर नाताळला आपण महारोग्यांसाठी घोंगड्या गोळा करतो, पोरांकडून गाणी बसवून घेतो. त्यांच्यातल्या एकीची निरोगी लेक आपल्या पंगतीला वाढते आहे म्हणून तिला बाहेर काढणार असाल, तर यंदा घोंगड्या गोळा करू नका. आणि म्हटलं, आजपासून माझी मुलगी बोर्डिंगमध्ये हिच्या हातचं जेवेल. माझी मुलगी पाच वर्षांची होती. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मला वाटतं, माझ्या फटकळ तोंडाचा आयुष्यात तेवढाच एक चांगला उपयोग झाला.

कमिटीने निर्णय पुढे ढकलला. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तिला तपासलं आणि सगळ्या पालकांना बोलावून बोर्डिंगच्या अंगणात उभ्या उभ्या समजावलं. समजावून झाल्यावर त्या तिथेच पंगतीत बसल्या आणि तिने वाढलेली भाकरी आणि वांग्याची भाजी जेवल्या. माझी मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती आणि तिखट लागलं म्हणून पाणी मागत होती. सहापैकी चार मुली परत आल्या. दोन आल्या नाहीत, आणि त्यांची शाळा कायमची सुटली. तिची नोकरी राहिली, खोली राहिली. लोक हळूहळू तिच्या बाकावर बसायला लागले. पाळकबाईंनी सभेत सांगितलं की यापुढे जिची गोष्ट तिनेच विनंती म्हणून सांगावी. वही चालू राहिली, पण नावं कमी झाली.

सगळं नीट झालं, असं मला वाटलं. मी एकटीने तिच्या आईसाठी प्रार्थना करायला लागले, पहाटे चूल पेटवायच्या आधी. मोडकीतोडकी, गळा न दाटणारी प्रार्थना. ते तिला सांगायची मला फार इच्छा व्हायची. सांगितलं नाही. तेवढं शिकले होते.

त्यानंतर चार वर्षं आम्ही शेजारी-शेजारी वर्ग घेतले. ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. सकाळी "सलाम बाई" म्हणायची, खडू संपला तर खडू द्यायची, मी आजारी पडले तेव्हा माझा वर्गही तिने सांभाळला. माझ्या मुलीवर तिचा जीव होता. तिने क्षमा केली होती आणि ती खोटी नव्हती. फक्त पाकीट आलं की ती ते पिशवीत ठेवायची आणि खोलीत जाऊन वाचायची. मी कधी विचारलं, "घरी सगळं ठीक?" तर म्हणायची, "ठीक आहे, बाई." मी वाट बघायचे की आज नाही तर उद्या ती पेन खाली ठेवेल.

चौथ्या वर्षी हिवाळ्यात माझ्या मुलीला टायफॉइड झाला. पंधरा दिवस ताप हटत नव्हता. गुरुवारची सभा मुद्दाम आमच्याकडे घेतली. ती त्या दिवशी आली होती, कोपऱ्यात बसली होती. पाळकबाईंनी एकेकीला विचारत तिलाही विचारलं, "तुमची काही विनंती?"

"नाही, काही नाही," ती म्हणाली.

मग गुडघे टेकल्यावर तिने माझ्या मुलीसाठी प्रार्थना केली. तिचं नाव घेऊन केली. साधी, चार वाक्यांची. ही पोर बरी होऊ दे, तिच्या आईला बळ दे, असं ती म्हणाली तेव्हा मला हुंदका आला. दुसऱ्या दिवशी तिने चार दिवसांची रजा घेतली. अर्जात घरगुती काम एवढंच लिहिलं होतं. ती परत आली तोवर माझ्या मुलीचा ताप उतरला होता. मी तट्ट्याआडून हाक मारून ते तिला सांगितलं, आणि ती धावत येऊन म्हणाली, "देवाचे उपकार, बाई."

दोन महिन्यांनी जळगावहून कुणी पाहुणे मोठ्या बाईंकडे आले. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की तिची आई त्या रजेतच वारली. रजेच्या आदल्या सकाळीच तार आली होती, शेवटचं आहे म्हणून. म्हणजे त्या गुरुवारी, माझ्या घरी सतरंजीवर बसली असताना, तिला ते माहीत होतं.